दहा-पंचवीस माणसांचा कारखाना: माणसं मन लावून काम करतात ती कशामुळे?

उद्यमनगरी
कोल्हापुरात लहान कारखानदारांसाठी नेतृत्व आणि प्रेरणा या विषयांवरची शिबिरं आता वरचेवर होतात. त्यातून मालकाला हुरूप येतो, हे मान्य. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथली बरीच युनिटं दहा ते पंचवीस माणसांची. तिथं मनुष्यबळ विभाग नसतो. खरेदी मालक बघतो, वसुली मालक करतो, गिऱ्हाइकाचा फोन मालकच घेतो. अशा ठिकाणी माणसांनी मन लावून काम करावं आणि मालक दोन दिवस पुण्याला गेला तरी माल वेळेवर निघावा, यासाठी नेमकं काय करायचं?

माझं मत आधीच सांगतो. माणसं आळशी नसतात. त्यांना काय ठरवायची मुभा आहे हे माहीत नसतं, म्हणून ती थांबतात. मालक समोर आला की हलतात, कारण निर्णय त्याच्याच खिशात असतो.

विनंती एकच. यशोगाथा नकोत, पद्धत सांगा. काय करायचं, किती, कधी आणि कुठं फसतं.

गंगावेश
पगार सात तारखेच्या आत. बाकीचं सगळं त्याच्यानंतर.

हिशोबनीस
गंगावेश यांनी एका ओळीत मुद्दा सांगितला, पण तो पाळता का येत नाही ते बघू. पगार लांबतो तो बहुतेक ठिकाणी नियत वाईट म्हणून नव्हे. सगळे पैसे एकाच चालू खात्यात पडून असतात आणि जो आधी ओरडतो त्याला मिळतात. भंगारवाला ओरडतो, कोकवाला ओरडतो, वीजबिलाला तारीख असते. कामगार गप्प बसतो, म्हणून तो शेवटी.

उपाय: पगाराचं खातं वेगळं. समजा महिन्याची विक्री जीएसटी सोडून २० लाख आणि पगार ३ लाख. त्यावर बोनसची तरतूद ८.३३ टक्क्यांनी २५,०००. ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा, लागू असेल (दहा किंवा जास्त माणसं, प्रत्येकाचा महिन्याचा पगार २१,००० पर्यंत) तर मालकाचा हिस्सा ३.२५ टक्के, म्हणजे ९,७५०. एकूण ३,३४,७५०. विक्रीच्या जवळपास १७ टक्के. वीस माणसं झाली की पीएफचे १२ टक्के येतात. सगळ्या पगारावर धरले तर आणखी ३६,०००, म्हणजे साडेअठरा टक्क्यांपर्यंत. आता गिऱ्हाइकाकडून जी रक्कम येईल तिच्यातून त्याच दिवशी एवढे टक्के पगाराच्या खात्यात टाकायचे. रक्कम ४०,००० ची असो की ४ लाखांची, टक्केवारी तीच.

फसतं कुठं? जीएसटीत. २० लाखांच्या मालावर १८ टक्क्यांनी ३.६ लाख वरचे येतात. ते आपलेच समजून वापरले जातात आणि २० तारखेला ३बी (जीएसटीचं मासिक विवरणपत्र) भरताना पगाराच्या पैशांना हात लागतो. इनपुट क्रेडिट (खरेदीवर आधीच दिलेला जीएसटी) वजा जाऊन जी रक्कम भरायची राहते तिचा अंदाज आधी काढा, ती बाजूला ठेवा आणि मगच उरलेल्या पैशांवर टक्के लावा.

बोनसची तरतूद दर महिन्याला केली की दिवाळीच्या तोंडावर कर्ज काढावं लागत नाही. बोनस किती मिळणार हेही दसऱ्यालाच सांगता येतं. माणसाला रकमेइतकीच खात्रीची गरज असते.

पाचगावकर
पगार वेळेवर हवा, यात दुमत नाही. पण पगार वेळेवर दिला म्हणून माणूस मन लावून काम करतो, हे मला पटत नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्गने १९५९ मध्ये हीच फोड केली होती. पगार, कामाची जागा, वरिष्ठांची वागणूक या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो. त्या सुधारल्या की नाराजी जाते, पण उमेद त्यातून आपोआप येत नाही. उमेद येते ती जबाबदारीतून, काम जमल्याच्या समाधानातून आणि कुणीतरी त्याची दखल घेण्यातून.

त्यामुळं पगार, पिण्याचं पाणी, स्वच्छ संडास, पंखा, हातमोजे हे आधी. ते नसताना गुणगौरवाचा कार्यक्रम ठेवला तर माणसं चिडतात, आणि त्यांचं बरोबर असतं.

खडूची खूण
फौंड्रीबद्दल, म्हणजे धातूच्या ओतकामाबद्दल लिहितो, कारण 'प्रोत्साहन' या नावाखाली सगळ्यात जास्त नुकसान तिथं होतं.

नेहमीची चूक म्हणजे साच्यांच्या संख्येवर बक्षीस. दिवसाला इतके साचे वर काढले की इतके रुपये. मोल्डर (वाळूचे साचे करणारा) साचे वाढवतो, वाळूची ठोकणी कमी होते, व्हेंट (वायू निघून जायची भोकं) मारायचे राहतात, साच्यात पडलेली वाळू फुंकून काढायला कुणाला वेळ नसतो. रिजेक्शन लगेच दिसत नाही. ब्लोहोल (वायू अडकून पडलेली पोकळी) कातडीखाली असतं, ते मशीनिंगला गिऱ्हाइकाकडं उघडं पडतं. तोवर बक्षीस वाटून झालेलं असतं.

बक्षीस द्यायचंच असेल तर चांगल्या कास्टिंगच्या वजनावर, आणि एकट्या मोल्डरला नको. कोअर (आतल्या पोकळीसाठीचा वाळूचा गाभा), मोल्डिंग, मेल्टिंग, फेटलिंग (कास्टिंग साफ करणं) सगळ्यांना मिळून. एक नमुना हिशोब मांडतो. महिन्याला ४० टन ओतकाम, रिजेक्शन ८ टक्के. एक टक्का म्हणजे ४०० किलो. विक्रीची किंमत आणि परत वितळवायच्या मालाची किंमत यांत किलोला ५० रुपयांचा फरक धरला तर एक टक्क्याला २०,००० रुपये वाचतात. रिजेक्शन ८ वरून ५ वर आलं तर ६०,०००. त्यातले ३० टक्के, म्हणजे १८,००० माणसांना. पंधरा जण असतील तर प्रत्येकी १,२००. गिऱ्हाइकाकडून परत येणारा माल मोजता यावा म्हणून हे पैसे एक महिना मागं ठेवून द्यायचे, म्हणजे जूनचे ऑगस्टमध्ये हाती येणाऱ्या पगारात. हे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून लावायचं, नाहीतर 'मालकानं पैसे दाबले' अशी कुजबुज सुरू होते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे माणसावर ओरडण्याआधी वाळू तपासा. ओल ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टिबिलिटी (वाळू दाबल्यावर किती टक्के बसते) ४० च्या आसपास. दोन्ही दर अर्ध्या तासाला तपासून वाळू मिसळायच्या मिलजवळच्या वहीत लिहायचं. पावसाळ्यात नवी वाळू उघड्यावर भिजलेली असते आणि पाणी मात्र उन्हाळ्याच्याच मापानं टाकलं जातं. मग ब्लोहोल येतात आणि बोलणी मोल्डर खातो. दुसरं, कोल्डशट, म्हणजे थंडावलेला धातू नीट न जुळल्यानं पडलेली फट. लेडल (धातू ओतायचं भांडं) भरून शेवटच्या साच्यापर्यंत जाईस्तोवर धातू थंड होतो. शेवटचे साचेच खराब जात असतील तर दोष साचा करणाऱ्याचा नाही, फेरी लांब असल्याचा आहे. यावर साधा इलाज: प्रत्येक लेडलमधून भरलेल्या साच्यांवर भरण्याच्या क्रमानं खडूनं १, २, ३ आकडे टाका. आठवडाभरानं रिजेक्ट मालावरचे आकडे बघा. बहुतेक ७ आणि ८ च निघाले तर लेडल सहा साच्यांपुरतीच भरा.

ज्या माणसाला त्याच्या हातात नसलेल्या दोषासाठी तीनदा बोलणी बसली, तो चौथ्यांदा हातातला दोषही सांगत नाही.

शिरोलीकर
खडूची खूण, लई भारी लिहिलंय. एक शंका. असं सामूहिक बक्षीस लावलं की माणसं रिजेक्ट पीस लपवायला लागतात. भंगाराच्या ढिगात टाकतात, नाहीतर बॉन्डो (लांबी) भरून रंग मारतात. ते कसं थांबवायचं?

खडूची खूण
रास्त शंका आहे. तीन गोष्टी कराव्या लागतात.

लाल पेटी वेगळी, कुलपाची. रिजेक्ट पीस फक्त तिथंच. भंगारात सापडलेला पीस आणि पेटीतला पीस यांची मोजणी वेगवेगळी. पीस पेटीत टाकणाऱ्याचं नाव लिहायचं नाही, दोषाचं नाव लिहायचं: ब्लोहोल, वाळू, कोल्डशट, साचा सरकणं, कोअर तुटणं. आणि ओतलेलं वजन भट्टीच्या वहीतून घ्यायचं. चांगला माल, रिजेक्ट माल, रनर-रायझर (साच्यातल्या वाटांत गोठलेला धातू) आणि ढोबळ जळतूट यांची बेरीज ओतलेल्या वजनाशी जुळली पाहिजे. जुळली नाही तर त्या महिन्याचं बक्षीस हिशोब लागेपर्यंत थांबवायचं. एकाला शिक्षा नको, रक्कम जप्तही नको. नुसती थांबवायची. दोन-तीन दिवसांत तूट कुठं आहे ते माणसंच शोधून देतात.

जवाहरनगर
चपलांच्या कामातली गोष्ट थोडी वेगळी आहे, ती मांडते. इथं मजुरी जोडीमागं. तळ कापणारा वेगळा, पट्टे आणि कान करणारा वेगळा, वेणी घालणारी बाई बहुतेक घरूनच काम करते. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमुळं जगभर चर्चा झाली. ऑर्डरी वाढल्या की मालक पहिल्यांदा कारागिराला घाई करतात. घाई केली की तळ नीट वाळत नाही, आणि ओला तळ शिवला की नंतर वाकडा होतो.

जोडीमागं मजुरी असेल तर कच्च्या मालाची जबाबदारी मालकानं उघडपणे स्वतःवर घेतली पाहिजे. कातडं मालकानं निवडलं, त्याला आतून चीर निघाली आणि पट्टा तुटला, तर दुसऱ्यांदा केलेल्या कामाची पूर्ण मजुरी द्यायची. शिवण उसवली तर दुरुस्ती कारागिराची. ही वाटणी कागदावर असावी, कारण वाद नेमका याच ठिकाणी होतो. कातडं देतानाच दोघांनी मिळून बघायचं आणि डागी भागावर खूण करायची. या कामाला फार वेळ लागत नाही.

आणि घरून काम करणाऱ्या बायकांचे पैसे मध्यस्थाच्या हाती देऊ नका. थेट त्यांच्या खात्यात टाका. कामाचा दर्जा सुधारायला एवढं एक पाऊलही पुष्कळ उपयोगी पडतं.

कळंबा
ताई, शेवटचा मुद्दा लाखमोलाचा.

भुदरगडी
इथं कुणी खाड्यांबद्दल बोललंच नाही. कोल्हापूरच्या कारखान्यातला बराचसा कामगार शेतकरी असतो, हे धरूनच मालकानं वर्ष आखलं पाहिजे. जूनला पेरणी, जुलैत भाताची रोपलावण, ऑक्टोबर-नोव्हेंबरात भातकापणी, आणि साखर कारखाने सुरू झाले की उसाची तोड. तोडीची चिठ्ठी कधी येईल ते शेतकऱ्याच्या हातात नसतं. टोळी आली की त्याला रानात उभं राहावंच लागतं. त्यात चैत्रात जोतिबा, आषाढात त्र्यंबोली, बेंदूर, आणि प्रत्येक गावाची म्हाई (गावजत्रा) वेगळ्या दिवशी.

'न सांगता खाडा' म्हणून दर वेळी डाफरण्यात अर्थ नाही. जानेवारीत एक मोठा कागद घ्या, बारा महिन्यांचे रकाने पाडा आणि प्रत्येकाला आपल्या गावची जत्रा, लावण, कापणीचा अंदाजे आठवडा लिहायला सांगा. एकाच आठवड्यात मशीन शॉपचे तिघं निघाले तर कोण अलीकडं, कोण पलीकडं हे त्यांनाच ठरवू दे. त्या आठवड्यांची डिस्पॅच गिऱ्हाइकाला आधीच कमी सांगा, किंवा माल पंधरा दिवस आधी करून ठेवा. तोडीच्या चिठ्ठीसाठी वेगळा नियम हवा. आदल्या संध्याकाळी फोन केला तर ती रजा, नाही केला तर खाडा.

एवढं केलं तरी ऐनवेळचे खाडे राहतातच. पण मग माणूस खोटं बोलून सुट्टी घेत नाही. खोटं बोलणं थांबलं की निम्मी भांडणं मिटतात.

दुधाळी
म्हाईच्या जेवणाला मालकाला बोलावणं येतं का, यावर मालकाचं नेतृत्व मोजावं, असा माझा प्रस्ताव. तांबडा-पांढरा असेल तर मी परीक्षक म्हणून यायला तयार.

भुदरगडी
दुधाळी, प्रस्ताव मंजूर. बोलावलं तर जावं मात्र. पाट मांडून वाट बघितलेली असते.

पन्हाळा रोड
मूळ प्रश्न 'मालक नसताना काम का थांबतं' असा आहे, म्हणून शिकवण्याबद्दल लिहितो. लहान युनिटमध्ये नवीन माणसाला 'त्याच्याजवळ उभा राहा आणि बघ' असं सांगतात. बघून हात चालतात, कारण कळत नाही. मग काही वेगळं घडलं की तो थांबतो किंवा चुकीचं करतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांमधून अनुभवी माणसं सैन्यात गेली तेव्हा नवख्यांना झटपट शिकवण्यासाठी एक पद्धत बसवली होती. युद्धानंतर ती जपानात गेली. तिच्या चार पायऱ्या आहेत. आधी माणसाची भीती घालवायची, त्याला काय येतं ते विचारायचं आणि त्याला नीट दिसेल असं उभं करायचं. मग काम करून दाखवायचं: पहिल्यांदा नुसते टप्पे, दुसऱ्यांदा टप्पे आणि खुबी, तिसऱ्यांदा प्रत्येक खुबीचं कारण. मग त्याच्याकडून करून घ्यायचं, तेही तोंडानं टप्पे, खुबी आणि कारण सांगत. शेवटी त्याला कामाला लावून अडलं तर कुणाला विचारायचं त्या माणसाचं नाव सांगायचं, आणि सुरुवातीला वरचेवर डोकावायचं.

सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) जॉब लावण्याचं उदाहरण घ्या. टप्पा: जॉ (जॉब धरणारे जबडे) पुसणं. खुबी: हवेचा फवारा मारल्यावर बोटानं चाचपणं. कारण: बारीक चिप अडकली तर जॉब तिरका बसतो आणि बोअर (भोक) फेसला (सपाट बाजूला) काटकोनात येत नाही. टप्पा: पहिला पीस मोजणं. खुबी: पीस गार झाल्यावर मोजणं. कारण: गरम पीस फुगलेला असतो, त्या मापावर ऑफसेट (मशीनमधली मापाची दुरुस्ती) दिला की गार झाल्यावर माप हुकतं. कारण माहीत असलेला माणूस मालकाला फोन न करता निर्णय घेतो.

एका कामाचा असा एक कागद, मराठीत, हातानं लिहिलेला असला तरी चालेल. तो कागद मालकानं एकट्यानं लिहू नये, त्या मशीनवरच्या सगळ्यात चांगल्या कारागिराला बोलता करून लिहावा. खाली त्याचं नाव घालावं.

मग भिंतीवर एक तक्ता. डावीकडं माणसं, वरती कामं. प्रत्येक चौकटीत वर्तुळाचे चार भाग: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. ज्या कामाच्या रकान्यात पूर्ण भरलेलं वर्तुळ एकच, तिथं तुमचा कारखाना एका माणसावर उभा आहे. पुढच्या तीन महिन्यांत शिकवायचं काय, ते तक्ताच सांगतो.

शिरोलीकर
तक्त्यावर माझा आक्षेप आहे. शिकवून तयार केलं की तो शेजारच्या गाळ्यात दोन हजार जास्त घेऊन जातो. मग शिकवायचं कशाला?

पन्हाळा रोड
जातो, हे खरं आहे. पण न शिकवलेला माणूस राहतो, आणि वर्षभर तोच पीस बिघडवत राहतो. कोणता खर्च मोठा? तक्त्याला पगार जोडून बघा. प्रत्येक नव्या 'एकटा करतो'ला महिन्याला ठरावीक वाढ आणि 'दुसऱ्याला शिकवतो'ला त्याहून जास्त. वाढ कशावर मिळणार हे डोळ्यासमोर असलं की दोन हजारांसाठी उठून जाणारे कमी होतात. त्यातूनही कुणी गेलाच, तर निदान त्यानं शिकवलेला दुसरा माणूस तुमच्याकडं असतो.

पाचगावकर
त्या युद्धकाळातल्या पद्धतीत माणसं सांभाळण्याचे चार नियमही होते, ते पुरवणी म्हणून देतो. माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगत राहा. चांगलं काम केलं की तेव्हाच कौतुक करा. त्याच्यावर परिणाम करणारा बदल असेल तर आधी सांगा. ज्याच्या अंगात जे कसब आहे ते वापरा. लहान युनिटमध्ये यातला तिसरा नियम सर्रास मोडतो. शिफ्टची वेळ बदलते ती माणसाला गेटवर कळते.

राजारामपुरी
नेतृत्वाबद्दल बोलायचं आणि शाहू महाराजांचं नाव नाही? १८९५ मध्ये शाहूपुरी वसवून गुळाची पेठ उभी केली, १९०६ मध्ये शाहू मिल काढली, राधानगरीचं धरण हाती घेतलं. या गोष्टी सगळ्यांना माहीत आहेत. मला या धाग्याच्या संदर्भात गंगाराम कांबळे आठवतात. अस्पृश्य मानल्या गेलेल्या माणसानं शहरात चहाचं हॉटेल काढलं आणि कुणी फिरकेना. महाराजांनी नुसता उपदेश केला नाही. ते स्वतः लवाजम्यासह तिथं थांबून चहा प्यायले, उघडपणे, पुन्हा पुन्हा. मग बाकीच्यांना मागं राहता आलं नाही.

कारखान्यात याचा अर्थ असा की मालकाला जे व्हायला हवं आहे तिथं मालकानं स्वतः जाऊन बसावं. सुरक्षेचा चष्मा सगळ्यांनी लावावा असं वाटत असेल तर शॉपमध्ये शिरताना आधी मालकाच्या डोळ्यांवर तो हवा. सगळ्यांचा चहा एकाच किटलीतला आणि एकाच कपातला हवा. मालकाचा चिनी मातीत आणि हेल्परचा कागदी कपात, असं नको.

गंगावेश
राजारामपुरी, मुजरा.

उचगाव
मला उचल, म्हणजे पगारातून आगाऊ घेतलेले पैसे, या विषयावर ठोस माहिती हवी आहे. लग्न, दवाखाना, शाळेची फी, कारण कुठलंही खोटं नसतं. नाही म्हटलं तर माणूस दुखावतो, हो म्हटलं तर वसुली होत नाही. काही युनिटांत तर उचल एवढी साचते की माणूस ती बुडवण्यासाठीच नोकरी सोडतो.

हिशोबनीस
उचलीचं कार्ड करा. वरची मर्यादा एका महिन्याच्या पगाराएवढी. हप्ता पगाराच्या दहा-पंधरा टक्क्यांचा, त्याहून जास्त नको. पगारातून होणारी सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाऊ नये, असा कायदाच आहे. पहिली उचल फिटल्याशिवाय दुसरी नाही. दवाखान्यासाठी वेगळी छोटी रक्कम बाजूला ठेवायची, तिला ही अट लावायची नाही. उचल कुणाला दिली ते बाकीच्यांसमोर बोलायचं नाही, पण नियम मात्र सगळ्यांना सांगायचा. नियम एकासाठी मोडला की संपला. मग प्रत्येक 'नाही' हा माणसाचा अपमान ठरतो.

ईएसआय भरत असाल तर दवाखान्याच्या उचली कमी होतात, मात्र कार्ड काढून देणं आणि कुटुंबाची नावं त्यात घालणं हे काम मालकाच्या ऑफिसनं पुरं केलं पाहिजे. पैसे कापले जातात आणि कार्ड माणसाच्या हातात नसतं, हे होता कामा नये.

शिरोलीकर
सगळं बरोबर आहे. पण मालकाच्या उमेदीचं काय? नव्वद-नव्वद दिवस मोठे गिऱ्हाईक पैसे देत नाहीत. रात्री झोप नाही, सकाळी माणसांसमोर हसतमुख कसं राहायचं?

हिशोबनीस
शिरोलीकर, तुमचा त्रास खरा आहे आणि तो थोडा तरी कमी करता येतो. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, माल स्वीकारल्यापासून लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, असं २००६ चा एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) विकास कायदा सांगतो. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज. शिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, वेळेत न दिलेल्या अशा रकमेची प्राप्तिकरातली वजावट खरेदीदाराला प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातल्या कलमावरून सगळे ४३बी (एच) म्हणतात ते हेच. निव्वळ व्यापाऱ्याला ते लागू होत नाही, उत्पादक आणि सेवा देणाऱ्याला होतं.

तक्रार केली तर पुढची ऑर्डर जाईल ही भीती असते, म्हणून तिथून सुरुवात करू नका. बिलावर उद्यम क्रमांक आणि 'सूक्ष्म' किंवा 'लघु' असं छापा. पर्चेस ऑर्डरवर ९० दिवस लिहून आलं तर मेलवर ४५ दिवसांची आठवण द्या. माल पोचल्याची सही आणि तारीख असलेलं चलन जपून ठेवा, कारण दिवस तिथून मोजले जातात. तिसाव्या दिवशी पहिला फोन, खरेदी विभागाला नाही, अकाउंट्सला. फेब्रुवारीत सगळ्या थकबाकीची यादी त्यांच्या अकाउंट्सला पाठवा. मार्च संपण्याआधी करासाठी का होईना, ते ती उघडतात.

आणि वसुलीचे फोन आठवड्यातल्या एका ठरलेल्या सकाळी करा. दिवसभर तेच डोक्यात राहिलं की त्याचा राग शॉपमध्ये निघतो.

कळंबा
या शेवटच्या ओळीसाठी धन्यवाद.

दुधाळी
दुसऱ्या पिढीबद्दल कुणी लिहिलं नाही. मुलगा इंजिनिअरिंग करून येतो, वडिलांच्या वेळचे मिस्त्री तिथं असतात. मुलाला ते 'बाळ' म्हणतात आणि मुलगा त्यांना चारचौघांत चूक दाखवतो.

राजारामपुरी
मुलानं मिस्त्रींना मामा म्हणावं, काका म्हणावं, घरात जे चालत आलंय तेच म्हणावं. साहेबी तिथं नको. पहिले तीन महिने काही बदलू नये, फक्त मोजावं: सेटिंगला किती वेळ जातो, टूल किती पिसांना बदलावं लागतं, कोणता जॉब परत येतो. आकडे हातात आले की मामांना बाजूला बसवून विचारावं, 'हे असं का होत असेल?' निम्म्या वेळा उत्तर त्यांच्याकडं आधीपासून असतं, कुणी विचारलेलं नसतं. आणि वडिलांनी एक पथ्य पाळावं. मुलानं दिलेला निर्णय शॉपमध्ये फिरवू नये. पटला नाही तर घरी बोलावं.

पन्हाळा रोड
यात भर. सगळ्यात चांगल्या टर्नरला (लेथवरच्या कारागिराला) सुपरवायझर करायची घाई नको. चांगला टर्नर जातो आणि माणसं सांभाळणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तीन महिने अर्धा दिवस मशीन आणि अर्धा दिवस देखरेख असं करून बघावं. नाही जमलं तर पगार कमी न करता परत मशीनवर, आणि हे सुरुवातीलाच सांगून ठेवावं. म्हणजे परत येण्यात कमीपणा राहत नाही.

उद्यमनगरी
सगळ्यांचे मनापासून आभार. शिबिराबद्दल माझं मत आता असं झालंय: पैसे खर्च करायचेच तर मालकानं एकट्यानं जाऊन बसण्यापेक्षा सुपरवायझरला शिकवण्याच्या पद्धतीवर खर्च करावेत. आता मूळ मुद्द्यावर परत येतो. निर्णयाची मुभा लेखी कशी द्यायची? तोंडी सांगितलेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही. कुणाकडं मसुदा आहे का?

खडूची खूण
हा घ्या. एका पानात बसवा, दोघांची सही करा आणि ऑफिसच्या दारामागं लावा.

'मालक हजर नसताना सुपरवायझरनं न विचारता करायच्या गोष्टी: ३,००० रुपयांपर्यंतची खरेदी (इन्सर्ट, बेल्ट, बेअरिंग, ग्रीस), पावती त्याच दिवशी वहीला टाचणे. मशीन बंद पडल्यास ठरलेल्या मेकॅनिकला बोलावणे. सलग दोन पीस मापाबाहेर गेल्यास मशीन थांबवणे. वाळूची ओल मर्यादेबाहेर गेल्यास मोल्डिंग थांबवणे. अंगावर दुखापत झाल्यास आधी दवाखाना, फोन नंतर. ओव्हरटाइम दोन तासांपर्यंत, दुप्पट दरानं.

विचारूनच करायच्या गोष्टी: गिऱ्हाइकाला तारीख बदलून सांगणे. मापाबाहेरचा माल पाठवणे. कुणाला कामावरून काढणे. नवीन उचल.

करून मग संध्याकाळी कळवायच्या गोष्टी: रजा मंजूर केल्यास, ड्यूटी बदलल्यास, माल उशिरा निघाल्यास.'

३,००० चा आकडा तुमच्या युनिटप्रमाणं बदला. गेल्या तीन महिन्यांच्या किरकोळ खरेदीच्या पावत्या काढा. दहातल्या आठ पावत्या ज्या रकमेच्या आत बसतात ती मर्यादा ठेवा.

शिरोलीकर
मशीन थांबवायची मुभा दिली आणि त्यानं उगाच थांबवली तर?

खडूची खूण
पहिल्या महिन्यात दोन-चारदा उगाच थांबेल. त्या वेळी त्याला सगळ्यांसमोर 'बरं केलंस' म्हणायचं आणि नंतर एकट्याला मापाचा हिशोब समजावून सांगायचा. पहिल्याच वेळी ओरडलात तर तो पुन्हा कधीच थांबवणार नाही, आणि कागद दारामागं नुसता लटकत राहील.

उद्यमनगरी
मसुदा उतरवून घेतला. ओव्हरटाइमच्या ओळीत 'महिलांना संध्याकाळी सातनंतर थांबवायचं नाही, मालकाला विचारल्याशिवाय आणि घरी सोडायची गाडी ठरल्याशिवाय' एवढं मी वाढवतोय. जवाहरनगर ताई, यात आणखी काही राहिलं असेल तर सांगा.

जवाहरनगर
गाडीचा खर्च सुपरवायझरच्या ३,००० मध्ये धरू नका. तो वेगळा लिहा, नाहीतर महिनाअखेरीला मर्यादा संपली म्हणून गाडीच सांगितली जाणार नाही.